तळ नको, मधलं पाणी दाखव

नकाशावर खोली १८० मीटर दिसत होती. शेजारच्या फिशफाइंडरवर मात्र ३० मीटरवर एक जाड लाल पट्टी तिरकी वर सरकत होती. बोटीमागे चार दोर सुटलेले, त्यांतला सगळ्यात खोल गळ १५ मीटरवर. वेंगुर्ल्याहून रात्रभर चालून इतक्या लांब मी पहिल्यांदाच आलो होतो. पट्टी २५ मीटरवर आली तसा मी दोर आत घ्या म्हणून ओरडलो. तांडेलांनी इंजिन जरासुद्धा कमी केलं नाही. "हय खडप खंयसून येतला? मशीन खुळावला," म्हणाले आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

मशीन बिचारं शहाणं होतं. खुळेपणा माझ्या बोटांचा. आदल्या संध्याकाळी बंदरात बसून मी पडद्याची मर्यादा ० ते ६० मीटर अशी बांधली होती आणि पिंगचा, म्हणजे यंत्र खाली सोडतं त्या आवाजाच्या ठोक्यांचा, वेग शेवटच्या खुणेपर्यंत नेला होता. पुढचा हिशेब चौथीतल्या पोरालाही जमेल. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. १८० मीटरवरच्या तळाला शिवून परत यायला त्याला ०.२४ सेकंद लागतात. यंत्र सेकंदाला दहा पिंग सोडत होतं असं धरू, म्हणजे दर ०.१ सेकंदाला एक. पहिल्या पिंगचा प्रतिध्वनी घरी पोचेपर्यंत तिसरी पिंग सुटून ०.०४ सेकंद झालेले असतात. यंत्र समजतं, हा तिसरीचाच प्रतिध्वनी. ०.०४ सेकंदात आवाज ३० मीटर जाऊन परत येतो, म्हणून तळ ३० मीटरवर! खालची जमीन पाच मीटर चढली की हा भुताचा तळही पाच मीटर वर येतो, त्यामुळे तो अगदी खरा वाटतो.

खोल पाण्यात ट्रोलिंग करणाऱ्यांचे फिशफाइंडरबद्दलचे बहुतेक वाद या एका प्रसंगात गोळा झालेले आहेत. (ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासा धरणं. जाळं फरफटवणारं ट्रॉलिंग ते वेगळं, आणि फेसबुकवरचं तर त्याहून वेगळं.) एका गटाचं म्हणणं, यंत्र ऑटोवर ठेवा, कंपनीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. दुसरा गट प्रत्येक गोष्ट हाताने बांधतो आणि मग माझ्यासारखा ओरडतो. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. पण दोघंही एक गोष्ट विसरतात: हे यंत्र मुळात तळ शोधायला जन्मलं. त्याचा मूळ प्रश्न 'खाली किती पाणी आहे?' हा होता. माशांचं दिसणं नंतरचं. १९३५ साली नॉर्वेच्या ओस्कार सुंड यांनी लोफोटेनजवळ कॉड माशांच्या थराचा प्रतिध्वनी कागदावर उमटवून दाखवला. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मच्छीमारांना वापरता येईल असं यंत्र बाजारात आणलं, आणि १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लॉरन्सने हौशी गळवाल्यांसाठी छोटी हिरवी पेटी काढली. यंत्र बदलत गेलं तरी ऑटोची खोड तीच राहिली. आधी तळ पकडायचा, तो पडद्याच्या खालच्या भागात बसवायचा आणि उरलेली जागा मधल्या पाण्याला द्यायची. तळाशी बसून गरवणाऱ्याला हे सोयीचं. ट्रोलिंग करणाऱ्याचे गळ मात्र १५, २० किंवा ४० मीटरवर धावत असतात. १८० मीटरवरच्या तळाशी त्याला काय देणंघेणं?

देणंघेणं नाही, पण त्याची किंमत मात्र भरावी लागते. ६०० ठिपके उंचीच्या पडद्यावर २०० मीटर पाणी बसवलं की एका ठिपक्याच्या वाट्याला ३३ सेंटिमीटर येतात. मीटरभर लांबीच्या सुरमईची उंची वीतभरही नसते. शिवाय खोल तळ गाठायचा म्हणून ऑटो पिंग लांबवतं. एक मिलिसेकंदाची पिंग पाण्यात दीड मीटर लांब असते, म्हणजे वरखाली ७५ सेंटिमीटरच्या आत असलेले दोन मासे तिला एकच वाटतात. आणि २०० मीटरवरून आवाज परत येईपर्यंत थांबायचं तर सेकंदाला चारसुद्धा पिंग बसत नाहीत. पाच नॉटने, म्हणजे सेकंदाला अडीच मीटरने चालणाऱ्या बोटीखाली २० मीटरवरचा मासा आवाजाच्या २० अंशांच्या झोतात पावणेतीन सेकंद राहतो. चारच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला दहा-अकरा पिंग आल्या. त्यातून जे उमटतं त्याला कमान म्हणायचं की धूळ, हे पाहणाऱ्याच्या आशेवर अवलंबून.

म्हणून मर्यादा आवळायची, हे बरोबरच. माझी चूक आवळण्यात नव्हती. आवळल्यावर पिंगचा वेग मोकळा सोडला, तिथे ती होती. वेग एक-दोन खुणा खाली आणला असता तर? सेकंदाला आठ पिंग धरल्या, तर तळाचा तोच प्रतिध्वनी दुसऱ्या पिंगनंतर ०.११५ सेकंदाने येतो आणि ८६ मीटरवर उमटतो. ६० मीटरच्या पडद्यावर तो दिसतच नाही. खरं-खोटं ओळखायची सर्वांत सोपी कसोटीही यातच आहे. संशयास्पद काही दिसलं की पिंगचा वेग बदला. मासा, थवा, खडप जागचे हलत नाहीत. भूत उडी मारतं किंवा पळून जातं.

याहून बरा मार्ग झूमचा आहे, असं माझं मत बनलं आहे. मर्यादा आवळली की बरीच यंत्रं तळाकडे पाठ फिरवतात. झूममध्ये ती साधारणपणे तळाचा अंदाज ठेवूनच पिंग सोडतात, फक्त हवा तो पट्टा मोठा करून दाखवतात. पडदा दुभागायचा: डावीकडे अख्खं पाणी, उजवीकडे १० ते ५० मीटर. डावी बाजू मन शांत ठेवायला, उजवी कामाला. झूमचे दोन प्रकार असतात. तळाला चिकटून चालणारा झूम तळाच्या माशांसाठी. ट्रोलिंगला वरपासून ठरावीक अंतराचा झूम लागतो. पिंग थोड्या कमी मिळतात हा तोटा आहे. ३० मीटरवरचा भुताचा तळ पाहिल्यापासून तो मला परवडतो.

आता कमानीविषयी. मासा दिसला म्हणजे कमान दिसलीच पाहिजे, अशी एक समजूत आहे. कमान होते कारण झोताच्या कडेला असलेला मासा यंत्रापासून तिरका, म्हणून थोडा लांब असतो. खाली आला की जवळ, पुढे गेला की परत लांब. ५० मीटरवरच्या माशासाठी, २० अंशांच्या झोतात, हा फरक पाऊण मीटरच्या आसपास. पडदा १५० मीटरचा असेल तर त्याचे तीन ठिपके होतात, ६० मीटरचा असेल तर आठ. तीन ठिपक्यांची कमान कुणालाही दिसत नाही, आडवी रेघच दिसते. शिवाय मासा झोताच्या कडेकडेने गेला तर अर्धीच रेघ. तेव्हा कमान नाही म्हणून मासा नाही, असं समजू नका. पडदा सरकण्याचा वेग मात्र भरपूर ठेवावा, रेघा वाचायला सोप्या जातात. पिंगपेक्षा तो फार पुढे पळाला तर यंत्र तेच चित्र नुसतं ताणून दाखवतं, एवढं लक्षात ठेवायचं. आणि माशाच्या आकाराची ती गोंडस चित्रं पहिल्या दिवशीच बंद करावीत. बुडबुडे, शेवाळ, जेलीफिश या सगळ्यांना यंत्र उदार मनाने मासा म्हणतं.

या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ आणि सल्ले अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांवरून येतात. माझ्या भाच्याबरोबर मिलवॉकीहून मिशिगन सरोवरात एकदा गेलो तेव्हा त्याचं कारण कळलं. तिथे हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. एलवाइफ नावाच्या छोट्या माशांनी सरोवर भरून गेलं, त्यांना खायला मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सॅल्मन सोडले, आणि बघता बघता सरोवरकाठचं प्रत्येक गाव ट्रोलिंगच्या नादाला लागलं. सरोवर जिथे सर्वांत खोल तिथे २८१ मीटर. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, आणि दोन्हींच्या सीमेवर पडद्यावर एक अस्पष्ट, दुधाळ पट्टा उमटतो. चिनूकला साधारण ११-१२ अंश सेल्सिअसचं पाणी आवडतं, त्यामुळे तो या पट्ट्याच्या आसपास घुटमळतो. तिथे डाउनरिगर वापरतात: तारेला बांधलेला साडेचार-पाच किलोचा गोळा, त्याला चिमट्याने अडकवलेला दोर. मासा लागला की चिमटा सुटतो.

त्या बोटीवरचा कप्तान सकाळी पहिलं काम काय करी? गोळा ३० मीटरवर सोडायचा आणि पडद्यावर गोळ्याची सरळ रेघ स्पष्ट उमटेपर्यंत सेन्सिटिव्हिटी वाढवत जायचं. कुठलंही पुस्तक नाही, कुठलाही ऑटो नाही. गोळा कुठे आहे हे ठाऊक आहे, तो दिसला पाहिजे, बस. रेघ अधूनमधून नाहीशी व्हायची. पाण्याच्या दाबाने गोळा मागे झुकतो, आणि २० अंशांचा झोत ३० मीटरवर दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच मीटर असतो. तारेच्या मोजणीयंत्रावर ३० मीटर आणि पडद्यावर २७ दिसले, की तो पडद्यावर विश्वास ठेवी. मलाही तेच पटतं.

पण तिथली सेटिंग जशीच्या तशी मालवणला आणली तर पंचाईत होते, आणि याची दोन कारणं फारसं कुणी सांगत नाही.

पहिलं मीठ. नेहमीचं खाण्याचं नव्हे. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम सल्फेट. या वारंवारितांचा आवाज ते गिळतं, आणि वारंवारिता जितकी जास्त तितकं जास्त गिळतं. २०० किलोहर्ट्‌झचा आवाज गोड्या पाण्यात जितका टिकतो त्याच्या मानाने समुद्रात फार लवकर मरतो. म्हणून मिशिगनवाला ८०-१०० मीटरवर २०० किलोहर्ट्‌झने सुखात असतो, आणि आपण त्याच खोलीवर सेन्सिटिव्हिटी वाढवून वाढवून पडदा मिरपूड सांडल्यासारखा करून ठेवतो. ५० किलोहर्ट्‌झ समुद्रात खोल जातं, पण त्याचा झोत रुंद, ४०-४५ अंशांचा. १०० मीटरवर ४५ अंशांचा झोत ८० मीटरहून रुंद पसरतो. २० अंशांचा फक्त ३५ मीटर. रुंद झोतात मासे जास्त दिसतात, पण तीस-पस्तीस मीटर बाजूला असलेला मासाही आपल्या खालीच असल्यासारखा उमटतो.

माझा कौल असा: ४० वावांपर्यंत, म्हणजे ७०-७५ मीटरपर्यंत, २०० किलोहर्ट्‌झच ठेवा, कारण आपल्याला वरचं पाणी बारकाईने बघायचं आहे. त्यापलीकडे दोन्ही शेजारी शेजारी चालवा. ५० वर काहीतरी आहे आणि २०० वर नाही, तर ते झोताच्या कडेला आहे किंवा फार खोल आहे. दोन्हींवर आहे तर बोटीखाली आहे. चर्प तंत्राचं यंत्र असेल तर मधला पट्टा निवडावा. चर्पमध्ये पिंग एका सुरात न वाजता चढत्या सुरात वाजते, त्यामुळे ती लांब असूनही जवळजवळचे दोन मासे वेगळे दाखवू शकते. पैसे खर्च करायचेच असतील तर मोठ्या पडद्याआधी यावर आणि चांगल्या ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागावर, करावेत.

दुसरं कारण सुरमईच्या पोटात आहे, खरं तर पोटात नाही. माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग त्याच्या वाताशयाचा असतो, म्हणजे शरीरातल्या हवेच्या पिशवीचा. मांस आणि पाणी आवाजाच्या दृष्टीने जवळपास सारखंच. हवा मात्र आरशासारखी चमकते. सॅल्मनला वाताशय आहे. सुरमईला नाही. ट्युनाच्या भाऊबंदांतल्या छोट्या कुप्यालाही नाही. म्हणजे ज्या माशासाठी आपण डिझेल जाळतो तो पडद्यावर जवळजवळ अदृश्य. पाच किलोच्या सुरमईपेक्षा बोटाएवढ्या पेडव्यांचा थवा दहापट ठळक दिसतो.

हे एकदा डोक्यात बसलं की सेटिंगची सगळी दिशाच बदलते. पडदा स्वच्छ, निळाशार करण्याची हौस सोडावी लागते. मोकळ्या पाण्यात तीळ पेरल्यासारखे ठिपके येईपर्यंत सेन्सिटिव्हिटी वाढवा आणि मग एखादी खूणच कमी करा. पुस्तकात दोन-तीन खुणा सांगतात, तेवढ्या नकोत. पृष्ठभागाजवळची गिचमिड पुसणारी गाळणी जवळपास बंद ठेवा. ती वरच्या दहा-पंधरा मीटरांतलं सगळं पुसते, आणि सुरमई पुष्कळदा तिथेच फिरते. आणि थव्याचा आकार बघा. निवांत तारलीचा थवा गोल, भरीव ढगासारखा दिसतो. तोच फाटलेला, एका बाजूने चेपलेला किंवा एकदम दहा मीटर खाली खचलेला दिसला आणि शेजारी फिकट, तिरक्या, केसासारख्या रेघा असल्या, की गळ त्या खोलीवर आणा. रेघांची वाट पाहत बसू नका, थवा घाबरलेला आहे एवढं पुरे.

कोणत्या थराकडे बघायचं, हा प्रश्न आपल्याकडेही ऋतूने ठरवलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे अनेक वर्षं मोजलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते समुद्रबूड जमिनीवर पसरलेलं असतं, मासा तिथे फार वेळ राहू शकत नाही. त्या दिवसांत मी झूम ० ते ३० मीटरवर ठेवतो आणि खालचं पाणी विसरून जातो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती केंद्राकडून येणारा संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्लाही उपयोगी पडतो, पण उपग्रहाला पाण्याच्या वरच्या कातडीचंच तापमान आणि रंग दिसतो. तो जागा सांगतो, थर सांगत नाही.

आपली समुद्रबूड जमीन रुंद आहे; मुंबईसमोर ती सुमारे ३०० किलोमीटर पसरते, दक्षिणेकडे अरुंद होत जाते. त्यामुळे कोकणातल्या बहुतेकांचं 'खोल' म्हणजे तीस-चाळीस वाव. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेला आंग्रिया बँकचा उंचवटा विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला आहे. त्याचा माथा २० मीटरपर्यंत वर येतो. अशा उंचवट्याच्या कडेने जाताना तळाचा आकडा झपाट्याने बदलतो, आणि ऑटो दर मिनिटाला पडद्याचं माप बदलत राहतं. पाच मिनिटांपूर्वीचा थवा आणि आत्ताचा थवा यांची तुलनाच करता येत नाही. झूमचा पट्टा हाताने बांधून ठेवायचं याहून चांगलं निमित्त नाही. आणखी बाहेर, खऱ्या खोल पाण्यात, संध्याकाळी एक रुंद पट्टा खालून वर चढताना दिसला तर दचकू नये. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी नौदलासाठी काम करणारे संशोधक कॅलिफोर्नियाजवळ याच खोट्या तळाने चक्रावले होते. तो जिवांचा थर असतो, अंधार पडला की वर येतो आणि उजाडताना खाली जातो. अरबी समुद्रात त्यात लँटर्नफिश मुबलक असतात.

उरलं यंत्राच्या बसवणीचं. सगळी सेटिंग करूनही तिळांचा पाऊस थांबत नसेल, तर इंजिन बंद करून बघा. ठिपके नाहीसे झाले तर दोष पाण्याचा नाही. पंख्याचे बुडबुडे, अल्टरनेटर किंवा व्हीएचएफच्या तारेशेजारून गेलेली ट्रान्सड्यूसरची तार, यांपैकी कुणीतरी आहे. फिशफाइंडरला थेट बॅटरीवरून वेगळी तार द्यावी. फायबरच्या भरीव तळातून आवाज पार होतो, लाकडातून होत नाही, तेव्हा लाकडी होडीत ट्रान्सड्यूसर आतून चिकटवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. शेजारची बोट त्याच वारंवारितेवर असेल तर पडद्यावर तिरक्या तुटक रेघा येतात; त्यांच्यासाठी वेगळी गाळणी असते, ती हलक्या खुणेवर ठेवावी. कडक केली की सुरमईच्या फिकट रेघाही तिच्यात जातात.

पुढे मी मिलवॉकीच्या कप्तानाची युक्ती उचलली. डाउनरिगर घेतलेला नाही; तीन किलो शिसं आणि वावावावावर गाठ मारलेला दोर एवढंच सामान. जागेवर पोचलो की इंजिन बंद करायचं, ट्रान्सड्यूसरच्या अगदी जवळून शिसं वीस वाव सोडायचं आणि पडद्यावर ३६-३७ मीटरवर त्याची रेघ शोधायची. शिशाचा गोळा सुरमईपेक्षा ठळक दिसायला हवा. तोच दिसला नाही, तर त्या दिवशी पडद्याकडे बघून गळाची खोली ठरवू नका. दिसला, तर सेटिंगच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कारण बॅटरी बदलली किंवा कुणी भलतं बटण दाबलं की यंत्र परत ऑटोवर जातं आणि पुन्हा तळ शोधत बसतं.